झाफीची परीक्षा आणि माझे कांदे

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, भर जेवणात, माझ्या नातीने जीवशास्त्राचं पुस्तक माशाच्या ताटाशेजारी आपटलं आणि जाहीर केलं की जूनमध्ये ती परीक्षेला बसणार नाही. जेवणाच्या टेबलावर पुस्तक आणायचं ही मुळात आमच्या घरची रीत नाही. त्यातून अख्ख्या उपवासकाळात मासा चालतो तो मोजक्या दिवशी, आणि मी सकाळपासून लसूण कुटून माझा दंड दुखवून घेतलेला. त्या माशाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे पुस्तकाकडे बघत बसले.

आमच्या या झाफीला, माझंच झाफिरिया नाव ठेवलेल्या नातीला, सुईण व्हायचंय. घरोघरी फिरणारी नव्हे, विद्यापीठात शिकलेली, पांढऱ्या कोटातली. बोलायला लागली तेव्हापासून तिचं हेच चाललंय. गल्लीतली मांजर व्यायला झाली की ही तिच्या उशाशी जाऊन बसायची. तर त्या विद्यापीठात जायला जूनमधली देशभरची परीक्षा द्यावी लागते, त्या परीक्षेत जीवशास्त्र असतं, आणि त्या जीवशास्त्रात एक धडा आहे पेशींच्या विभाजनाचा. त्या एका धड्यापायी आता ती बंदरावरच्या मामाच्या दुकानात बसून बोटीची तिकिटं फाडणार होती. मामा म्हणजे सूनबाईचा भाऊ, हे वेगळं सांगायला नको.

मी शांतपणे विचारलं, धड्यात एवढं आहे तरी काय. तर म्हणाली, "तुला नाही कळायचं, आजी."

मला. ज्या बाईने तीन मुलं वाढवली, नगरपालिकेकडून बाल्कनी कायदेशीर करून घेतली आणि सासऱ्यांच्या मृत्युपत्रावर चार भावांना एका खोलीत बसवून सह्या घ्यायला लावल्या, त्या बाईला एका पेशीचं विभाजन कळायचं नाही. शाळेत मी थोडीच गेले, ते खरं. पण वाटण्या मी पुष्कळ पाहिल्यात.

"सांग तर खरी," मी म्हटलं.

तिने वैतागून सांगितलं. विभाजन दोन प्रकारचं असतं. एक सूत्री विभाजन. त्यात एका पेशीच्या दोन होतात आणि दोघींना सगळी गुणसूत्रं मिळतात. गुणसूत्रं म्हणजे धाग्यासारखं काहीतरी, त्यांच्यात घराण्याचा सगळा माल भरलेला असतो. दुसरं अर्धगुणसूत्री. त्यात एका पेशीच्या चार होतात आणि प्रत्येकीला निम्मीच मिळतात.

मी तिथेच थांबवलं. माझ्या सासऱ्यांचा ऑलिव्हचा मळा चौघांत वाटला तेव्हा कुणालाही सगळा मिळाला नाही, आणि निम्मा तर नाहीच नाही. मग हिच्या पेशींना कसा मिळतो? ती म्हणाली, आधी सगळं दुप्पट होतं, मग वाटलं जातं. मी विचारलं, मळा दुप्पट कोण करतं? तिने पुस्तक उचललं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. माझे यजमान लाझारोस एवढा वेळ खाली मान घालून जेवत होते. त्यांनी तिचा मासा आपल्या ताटात ओढला.

दाराबाहेर उभं राहून मी बरंच काही काढून घेतलं. पोरीला दोन्ही विभाजनं पाठ होती, अगदी प्रार्थनेसारखी. पण कागद समोर आला की पहिल्यातलं दुसऱ्यात जायचं आणि दुसऱ्यातलं पहिल्यात. क्लासच्या सराव परीक्षेत तिने कातडीची पेशी निम्मी केली आणि अंड्याची पूर्ण. सर सगळ्यांसमोर हसले. एकदा डोळ्यांनी दिसलं असतं तर कळलं असतं, असं ती दाराआडून म्हणाली. पुस्तकात लिहिलंय की कांद्याच्या मुळात सगळं दिसतं, पण शाळेतली सूक्ष्मदर्शक दुर्बीण कुलपात.

कांदा. मी दाराकडे बघत राहिले. एवढ्या मोठ्या विद्येचं घोडं कांद्यापाशी अडलं होतं, आणि कांदे तर माझ्या बाल्कनीत वेणी घालून टांगलेले.

सोमवारी सकाळी बाहेर जायचा कोट घालून मी शाळेत गेले. सुट्टी लागली होती, पण मुख्याध्यापक कुठलेसे कागद आवरत बसले होते. माणूस सभ्य होता, खुर्ची दिली. दुर्बीण आहे म्हणाले, उत्तम आहे, कपाटात आहे. कपाटाची किल्ली प्रयोगशाळेच्या सरांकडे, आणि सरांची बदली झाली बेटावर. दुसरी किल्ली शिक्षण खात्यात असते, पण खातं ईस्टरनंतर उघडणार, आणि उघडलं तरी परीक्षेच्या हंगामात किल्ली बाहेर देता येत नाही. मी सुचवलं की कपाटाच्या बिजागऱ्या काढू, माझा मुलगा स्तेर्योस हातोडा घेऊन येईल. तर म्हणाले, बिजागऱ्या काढायलाही त्याच खात्याची परवानगी लागते. मग मी विचारलं की मुलं ती दुर्बीण बघतात कधी. ते म्हणाले, कपाटाला काच आहे, रोज बघतात.

आमच्या बिल्डिंगमध्ये एखादी गोष्ट लपवायची असेल तर ती मनातही आणू नये. मी लिफ्टमधून चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. पाचव्या मजल्यावरचे अर्गिरिसभाऊ खाली आले. हे कस्टम्समधून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांच्या बॅगा उघडल्यामुळे त्यांना वाटतं की प्रत्येक बंद गोष्टीवर त्यांचा हक्क आहे. त्यांनी पोस्टाची तिकिटं बघायचं भिंग आणलं. भिंगातून कांदा मोठा दिसला, एवढंच. मग समोरच्या एव्लाम्पियाबाई आल्या. त्यांचं म्हणणं, पोरीला दृष्ट लागलीय, तेल-पाणी करून बघावं. करून बघितलं. तेलाचे थेंब पाण्यात दोनाचे चार झाले, आणि झाफी म्हणाली, आजी, हेसुद्धा विभाजन नाही.

तरी मी कांदे लावले. पाण्याने भरलेले ग्लास, प्रत्येकाच्या तोंडावर दातकोरण्यांच्या आधाराने बसवलेला एकेक कांदा, बूड पाण्याला टेकलेलं. खिडकीत रांगेने ठेवले. खालून बघणाऱ्याला वाटावं, आमच्याकडे कुणाचा तरी सत्कार आहे. मंगळवारी पांढरी मुळं फुटली. बुधवारी त्यांना दाढी आली. बुधवारी दुपारीच माझ्या यजमानांनी उकडलेल्या वालांबरोबर एका ग्लासावरचा कांदा खाऊन टाकला. उपवासात तोंडाला चव नसते, मान्य आहे. पण मूळ फुटलेला, काड्या टोचलेला, खिडकीत मांडलेला कांदा बघून ज्या माणसाला फक्त मीठ कुठाय हे सुचतं, त्याच्याशी संसार केला आहे मी. दाढी कापून टाकली होती ना, एवढंच ते म्हणाले.

अर्गिरिसभाऊंनी दरम्यान कुठूनतरी सगळी कृती वाचून काढली होती. मुळं कापायची, व्हिनेगरमध्ये ठेवायची. मग मऊ पडायला थोडा वेळ अ‍ॅसिडमध्ये, फरशीचे डाग काढायला आणतो तेच, पाणी घालून. मग रंगवायची. मग काचेवर दाबायची. मी ऐकतच राहिले. व्हिनेगर आणि लाल रंग. उद्या पवित्र गुरुवार. या देशातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात उद्या व्हिनेगर आणि लाल रंग भांड्यात तयार असणार, ईस्टरची अंडी रंगवायला. एवढी मोठी विद्या आणि ती आमच्या अंड्यांच्या भांड्यात होती. मला, खोटं कशाला बोलू, जरा अभिमानच वाटला.

गुरुवारी मी मुळं घेतली, नीट निवडली, धुतली. एका वाडग्यात व्हिनेगर, एका वाडग्यात अ‍ॅसिड, पातेल्यात रंग. तेवढ्यात एव्लाम्पियाबाईंनी बाल्कनीतून हाक मारली की त्यांच्या अंड्यांचा रंग तांबूस होतोय, लाल होत नाही, काय करू. मी दोन शब्द सांगायला गेले.

आता आमच्याकडे पद्धत अशी की उकडलेली अंडी रंगात टाकण्याआधी व्हिनेगरमध्ये बुडवायची, म्हणजे रंग धरतो. आमची सूनबाई आन्थी त्या दिवशी कामावरून लवकर आली. अंडी उकडून ठेवलेली दिसली, दोन वाडगे दिसले, दोन्हींतलं पाण्यासारखं. तिला वाटलं सासूबाईंना मदत करावी. हा विचार तिला वर्षातून एकदाच येतो. तिने अंडी नेमकी अ‍ॅसिडमध्ये सोडली आणि कपडे बदलायला गेली.

मी परत आले तेव्हा वाडगा फसफसत होता. चिमट्याने एक अंडं वर काढलं तर त्याला कवचच नव्हतं. मऊ, पांढरं, बोट लावलं की दबणारं. एकेक करून सगळी काढली, सगळी तशीच. ईस्टरच्या दिवशी आम्ही अंड्यावर अंडं आपटतो. ज्याचं फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जातं. ही अंडी आपटायची म्हणजे दोन गुबगुबीत गाल एकमेकांना भिडवायचे. सगळी फेकून दिली. वाडग्यांवर मी काही लिहून ठेवलं नव्हतं असं सूनबाई म्हणाली. घरात कुठल्या भांड्यात काय आहे हे मला लिहून ठेवायला लागेल, तो दिवस अजून यायचाय.

मुळं मात्र वाचली होती. मी ती रंगात घातली आणि लालभडक बाहेर काढली. आता फक्त दुर्बीण हवी होती. आणि खरी, डॉक्टरी दुर्बीण आमच्याच बिल्डिंगमध्ये होती हे मला सोमवारपासून ठाऊक होतं. फक्त तिचं नाव घ्यायची माझी तयारी नव्हती.

पहिल्या मजल्यावर डॉक्टर मेल्पोमेनी यांची रक्त-लघवी तपासायची प्रयोगशाळा आहे. सकाळी लोक छोट्या डब्या घेऊन येतात. मागच्या हिवाळ्यात बिल्डिंगच्या सभेत मी ठराव मांडला की डब्या घेऊन येणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये, जिन्याने यावं. ठराव माझ्या आवाजामुळे मंजूर झाला. तेव्हापासून डॉक्टरीणबाई आणि मी एकमेकींना दिसत नव्हतो. आणि आता माझ्या हातात एक छोटी डबी होती, झाकण लावलेली, आत लाल पाणी.

मी जिन्याने उतरले. चार मजल्यांवरून पहिल्यावर, ॲप्रनखाली डबी धरून. नियम म्हणजे नियम. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर अर्गिरिसभाऊ भेटले, त्यांनी डबीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, सगळं ठीक आहे ना. मी डबी आणखी आत सरकवली आणि उतरत राहिले. झाफीला मी दंडाला धरून आणलं होतं, ती लाजेने भिंतीला चिकटून चालत होती.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं, मला पाहिलं, डबी पाहिली. "रिकाम्या पोटी आलात ना, झाफिरियाबाई?"

मी म्हटलं, माझं नाही, कांद्याचं आहे.

त्या बाईचं एक मात्र मी मान्य करेन. तिने हसू गिळलं. झाफीकडून सगळं ऐकून घेतलं, डबी उघडली, चिमट्याने मुळं उलटसुलट केली आणि विचारलं की टोकं कुठे आहेत. मी सांगितलं, मी नीट निवडून घेतलीत, टोकाला मळकट होतं ते खुडून टाकलं. रानभाजी असो की मुळा, शेपूट काढल्याशिवाय माझ्या भांड्यात काही जात नाही. डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, जे काही विभाजन चालतं ते फक्त त्या टोकातच चालतं. मी जे आणलंय ते म्हणजे म्हातारी झालेली, काहीही न करणारी मुळं आहेत. झाफीच्या तोंडावर असं आलं की बस, हेच होणार होतं. मी तिला वर पिटाळलं. खिडकीत मुळांसकट एक कांदा उरला होता, माझ्या आणि आजोबांच्या नजरेतून सुटलेला.

त्याची टोकं डॉक्टरीणबाईंनी स्वतः कापली. माझा रंग बाजूला ठेवला, अंड्यांसाठी उत्तम आहे म्हणाल्या. स्वतःची औषधं वापरली, रक्ताला लावायचा जांभळा रंग घातला, वर काच ठेवून अंगठ्याने दाबली. मग झाफी दुर्बिणीला डोळा लावून बसली आणि चकती फिरवत राहिली. मला वाटलं, इथेही काही दिसलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजी, ओढली जातायत," ती म्हणाली. "दोन्हीकडे. अगदी पुस्तकासारखी."

मग मी पाहिलं. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग विटांची भिंत दिसली, प्रत्येक विटेत एकेक जांभळा मणी. एका विटेत मण्याऐवजी लोकरीचा गुंता. आणि एकीत दोन घोळके, दोन टोकांना पाठ करून निघालेले, लग्नातल्या नाचाची साखळी मधोमध तुटावी आणि अर्ध्या बायका एका भिंतीकडे, अर्ध्या दुसऱ्या भिंतीकडे जाव्यात तसे. मी विचारलं, घर कुणाला गेलं? झाफी हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

मला वाटलं, झालं काम. तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे फक्त पहिल्या प्रकारचं. दुसरं विभाजन मुळांमध्ये होत नाहीच, ते फुलाच्या कळीत, परागांच्या पिशवीत होतं, तेसुद्धा कळी अगदी लहान असताना. झाफीचा चेहरा पुन्हा उतरला. तिचा सगळा घोळ त्या दुसऱ्यातच होता. घरी येऊन तिने मामाला फोन केला आणि ईस्टरनंतरच्या आठवड्यापासून येते म्हणून सांगितलं. मामा फार खूश झाला. त्याच्याकडे कुणी टिकत नाही.

म्हणजे माझ्याकडे वेळ फार नव्हता. शुक्रवारी सकाळी मी फुलं घेऊन चर्चमध्ये गेले. प्रभूच्या शवपेटीचा मखर त्या दिवशी बायका फुलांनी मढवतात. वस्तीतली प्रत्येक बाग रिकामी होते. मखरावर लिली होत्या, डझनांनी. उमललेल्या, अर्धवट उमललेल्या आणि घट्ट मिटलेल्या. दुकानात एक लिली मिळत नव्हती, सगळ्या इथे येऊन बसलेल्या. मी देवाला मनात म्हटलं, तुला एवढ्या आहेत, एक कळी दे, पोरीचं आयुष्य आहे. त्याने नाही म्हटलं नाही. मी कळी खुडून पर्समध्ये टाकली.

एव्लाम्पियाबाईंनी पाहिलं. सकाळी तेच करायला येतात त्या, बघायला. त्यांनी ओरडा केला नाही, फक्त पापा-थिमिओस यांना, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांना, हाताला धरून अंगणात आणलं आणि म्हणाल्या, झाफिरियाने प्रभूच्या अंगावरचं फूल चोरलं. बायका गोळा झाल्या. पाद्रीबाबांनी सौम्यपणे विचारलं, का बाई?

चोर म्हणवून घ्यायची मला सवय नाही. मी ताठ उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हे फूल नाही, ही विद्या आहे. या कळीत विभाजन चालतं. एकीच्या चार होतात आणि चौघींना सगळा मळा जसाच्या तसा मिळतो, कारण आधी तो दुप्पट केलेला असतो. कांद्याच्या मुळात मात्र निम्मा मिळतो, कारण तिथे दोघीच असतात. कातडीचंही तसंच. बायका माना डोलावत होत्या. मला स्वतःलाही ते फार पटत होतं.

"उलटं सांगतेस, आजी."

झाफी आईबरोबर मखरासाठी घरची फुलं घेऊन फाटकातून आत आली होती. तोंड लाल झालेलं. क्लासचे सर हसले तेव्हा तिला जेवढं लागलं असेल, त्याच्या दुप्पट आत्ता लागलं होतं, कारण आता सगळ्या वस्तीसमोर चुकीचं सांगणारी तिची स्वतःची आजी होती. नंतर एव्लाम्पियाबाई सगळीकडे सांगत फिरल्या की मी ते मुद्दाम केलं. मुद्दाम नव्हतं. मला खरोखर तसंच वाटत होतं.

तिने हातातल्या फुलांतून एक पांढऱ्या फुलांचा देठ काढला, एक जांभळ्या. म्हणाली, हा आईकडून आलेला, हा बापाकडून. मग दोन्हींचे जोडीदार काढले, दोन पांढरे, दोन जांभळे. आता दुप्पट झालं, म्हणाली. कांद्याच्या मुळात काय होतं, एक पांढरा एक जांभळा इकडे, एक पांढरा एक जांभळा तिकडे; दोघींना सगळं. संपलं. कळीत मात्र हे चौघे आधी एकमेकांशेजारी येऊन बसतात. तिने देठ जवळ आणले, एका पांढऱ्याचा शेंडा मोडला, एका जांभळ्याचा मोडला आणि अदलाबदल केली. मी म्हटलं, आधी वाटणी होऊ दे, मग अदलाबदल. "आधी अदलाबदल," ती म्हणाली, "मग वाटणी." पांढरे देठ एव्लाम्पियाबाईंच्या हातात, जांभळे पाद्रीबाबांच्या. ही पहिली वाटणी. मग पुन्हा एकदा. एव्लाम्पियाबाईंचा एक देठ काढून माझ्या हातात दिला, पाद्रीबाबांचा एक सूनबाईच्या. आता चौघांकडे एकेकच. निम्मं. आणि चारही वेगवेगळे.

मी विचारलं, उरलेलं निम्मं कुणी गिळलं.

"आजी, गप्प बस."

माझे यजमानही मला असं कधी म्हणाले नाहीत. त्यांची हिंमत झाली नसती. पाद्रीबाबांनी आपल्या जांभळ्या देठाकडे पाहत विचारलं, पण निम्मंच का, पोरी?

"दुसरं निम्मं दुसऱ्याकडून येतं ना," झाफी म्हणाली. "दोघांनी आपलं सगळं आणलं तर लेकराचं दुप्पट होईल, त्याच्या लेकराचं चौपट. म्हणून निम्मी जागा मोकळी ठेवायची असते."

पाद्रीबाबांनी मान हलवली. एव्लाम्पियाबाई आपल्या देठाचा शेंडा बघत होत्या. झाफी धापा टाकत उभी होती, आणि मला दिसलं की आपण काय बोललो हे तिचं तिलाच आत्ता ऐकू आलंय. तिने पुन्हा एकदा बोटांनी हवेत मोजलं, पांढरे, जांभळे, आणि हात खाली घेतला. काही चुकलं नव्हतं.

मी पर्समधून लिलीची कळी काढून पाद्रीबाबांच्या हातात दिली. मग पोरीकडे वळले, आणि सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणाले:

"मला अजून यातलं काडीचंही कळलेलं नाही. पण तुला कळलंय. जूनमध्ये परीक्षेला बसायचं, आणि पेपरात आत्ता मला सांगितलंस अगदी तसंच लिहायचं. 'आजी, गप्प बस' तेवढं गाळ."